जंगल कटिंग, लमसम

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, बांधकाम १९८३ चं. मागच्या कंपाउंडपलीकडे चाळी एकीवर एक चढत जातात, त्या थांबतात तिथे वनखात्याची भिंत आणि भिंतीमागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मागच्या कोपऱ्यातल्या काटेसावरीवर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस लागली : झाड क्रमांक ९, कापण्याचा प्रस्ताव, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी. सावरीला एक पान नव्हतं, नुसती लाल फुलं. साळुंक्या आणि कोतवाल त्यांत चोची खुपसून बसले होते, आणि खाली पडलेला सडा झाडताना आमचा सफाईवाला रोजच्यासारखा कुरकुरत होता.

त्या संध्याकाळी शेजारच्या मामांकडे मैफल जमली. मामा सत्तरी ओलांडलेले, जन्मभर साइट सुपरवायझर, आता आमच्या कमिटीवर. समोर त्यांची भाची. दुसऱ्या मजल्यावरचं आईचं घर आता तिच्या नावावर आहे, आणि ती कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. टेबलावर विकासकाने दिलेल्या एस्टिमेटची प्रत. मी कमिटीतला सगळ्यांत धाकटा, म्हणून टिपणं काढायचं काम माझ्याकडे आलं.

भाची : मामा, ही पहिलीच ओळ बघा. ‘जंगल कटिंग व साइट क्लिअरन्स : लमसम.’ लमसम म्हणजे?

मामा : ठोक. मोजत बसायचं नाही, एकच आकडा सांगायचा. काँक्रीट घनमीटरने, सळई टनाने, प्लास्टर चौरस मीटरने. झाडंझुडपं मात्र लमसम. चाळीस वर्षं ही ओळ मीच लिहीत आलो, मला कधी खटकली नाही.

भाची : आणि आता?

मामा : आता तू बोट ठेवलंस म्हणून खटकतेय. पण ओळ खोटी नाही हं. झाड पाडणं हा साइटवरचा सगळ्यांत स्वस्त प्रकार. दोन माणसं, अर्धा दिवस. त्या काळी वखारवाला लाकूड उचलून न्यायचा, वर चार पैसे द्यायचा. खर्च असतो तो मुळाचा. मूळ आत राहिलं की कुजतं, वाळवी धरते, पोकळी पडते आणि दोन पावसाळ्यांनी वरची फरशी खचते. म्हणून ते खणून काढायचं, खड्डा मुरुमाने थराथराने भरायचा, पाणी मारायचं, धुमसाने चोपायचं. आता हे सगळं पोकलेन करतो, पण कामाची रीत तीच.

भाची : म्हणजे तुम्हाला झाडाची किंमत कळायची ती खड्ड्यावरून.

मामा : खड्ड्यावरूनच. आणि घराची किंमत घर नसल्यावरून, हेही लिही. १९७४ साली मी कणकवलीहून आलो तेव्हा टेंभीपाड्यात भावाच्या झोपडीत नऊ माणसं होतो. भिंती कशाच्या होत्या? कारवीच्या. वरून डोंगरातून काठ्या आणायच्या, कूड विणायचा, शेणमातीने लिंपायचा. तू ज्या कारवीचे फोटो मुलांना दाखवतेस तिच्यात मी झोपलोय.

भाची : दोन वर्षांपूर्वी, २०२४ ला फुलली होती ती. त्याआधी २०१६ ला. आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. काठ्यांसाठी मधल्याच वर्षी तोडली तर बी पडायची वेळच येत नाही.

मामा : तेव्हा बी कोण बघतोय? आग्रा रोडला, म्हणजे आताच्या एलबीएस मार्गाला, सिएट होती, जीकेडब्ल्यू होती. कारखान्यांना माणसं हवी होती आणि माणसांना निजायला जागा. रोडलगतची जमीन कंपन्यांची, पूर्वेला खाडी आणि मिठागरं. उरला डोंगर. पगार देणाऱ्याने घर दिलं नाही, सरकारने दिलं नाही, डोंगराने दिलं. त्याला तू ऱ्हास म्हण. आम्ही त्याला पत्ता म्हणायचो.

*

इथे मामींनी चहा आणला. भाचीने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

भाची : त्या माणसांवर माझा राग नाही. पण डोंगराने दिलं म्हणता, तर बिल कुणाच्या नावावर फाडलं?

मामा : तेही त्यांच्याच नावावर फाटलं! १९९५ ला बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने हायकोर्टात याचिका केली, १९९७ ला राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवायचा हुकूम झाला. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा असेल त्याने ७,००० रुपये भरायचे, मग पर्यायी घर. पुढे पुष्कळ लोक चांदिवलीला गेले, पुष्कळ कुठेच गेले नाहीत. हप्त्याहप्त्याने सात हजार जमवणारी घरं मला माहीत आहेत. झोपडी तोडायला आलेला बुलडोझर मोजूनमापून येतो. टॉवरसाठी झाडं तोडायला येतो तो लमसमवर. हा फरक तुझ्या भूगोलात शिकवतात का?

भाची : नाही शिकवत. शिकवायला हवा.

मामा : आणि रान म्हणजे काय, हे ठरवणार कोण? आपल्या भांडुप-मुलुंडच्या लोकांनी तर ते भोगलंय. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई सरकारने वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली खाजगी जमिनींवर नोटिसा काढल्या : ही जमीन वन म्हणून राखायची का नाही, बोला. विक्रोळीच्या गोदरेजच्या जमिनीची नोटीस सप्टेंबर १९५६ ची. पुढे फाइल झोपली. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्राचा खाजगी वने संपादन कायदा लागू झाला. खाजगी वनं सरकारजमा, आणि जिच्यावर तशी नोटीस निघाली ती जमीनही व्याख्येत वनच. पण सरकारने ताबा घेतला नाही, कागदोपत्री बदल केला नाही. उलट तिथेच नकाशे मंजूर केले. आम्ही पाया खणला, स्लॅब टाकले, लोकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले. आणि तीसेक वर्षांनी सातबाऱ्यावर नोंद चढली : वन. चौदाव्या मजल्यावर राहणारा माणूस एका रात्रीत जंगलात राहायला गेला. विकता येईना, बँक दारात उभी करेना.

भाची : मार्च २००८ मध्ये हायकोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि ३० जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. मी वाचलाय तो निकाल. नोटीस नुसती निघून भागत नाही, ती मालकाला पोचायला हवी आणि १९७५ मध्ये ती जिवंत असायला हवी. वीस वर्षं धूळ खात पडलेल्या नोटिशीवरून आज कुणाचं घर काढून घेता येणार नाही. त्या लोकांची सुटका झाली याचा मलाही आनंद आहे.

मामा : मग झालं तर.

भाची : झालं नाही. एवढी वर्षं भांडण चाललं ते नोटीस पोचली की नाही याच्यावर. त्या सर्व्हे नंबरांवर ऐन किती होते, कुसुंब किती होते, ओढा कुठून उतरत होता, हे कुणालाच विचारावं लागलं नाही. ज्या जमिनीवर कागद होता तिथे रान उरलं नव्हतं. आणि जिथे रान होतं तिथे कागद नव्हता, म्हणून ते रान ठरलं नाही. आरे कॉलनीचं तसंच. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती लागल्या. सोमवारी सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती.

मामा : ती मेट्रोच्या कारशेडसाठी, घरांसाठी नाही.

भाची : एस्टिमेटमधली ओळ तीच असणार, मामा.

*

मामा हसले. मग चष्मा काढून त्यांनी एस्टिमेटवर पेन्सिल आडवी ठेवली.

मामा : बरं, लमसम नको म्हणतेस. तर मग दर सांग. सावरीचा काय दर लावू?

भाची : दर लावलेत लोकांनी. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने २०२१ ला सांगितलं, एका झाडाचं एका वर्षाचं मोल ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. त्यातले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. आपली सावर साठीची धरली तर पावणेपंचेचाळीस लाखांच्या घरात जाते.

मामा : साठ वर्षांचा ऑक्सिजन मी फुकट घेतला, आता बिल्डरकडून बिल वसूल करायचं? कुणाचा विश्वास बसेल?

भाची : खरं सांगू? ऑक्सिजनचा हिशेब मलाही पटत नाही. शेजारचं झाड तोडलं म्हणून कुणी गुदमरलेलं नाही. पण दुसरा दर ऐका, तो तर सरकारी आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवताना तिचं निव्वळ वर्तमान मूल्य भरावं लागतं. २००८ चे दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत होते. सगळ्यांत घनदाट, सगळ्यांत मोलाचं रान धरा. १०.४३ लाख भागिले एक हेक्टर.

मामांना हेक्टरचे चौरस फूट तोंडपाठ. त्यांनी एस्टिमेटच्या मागच्या बाजूला भागाकार मांडला.

मामा : एक लाख सात हजार सहाशे... म्हणजे फुटाला दहा रुपयेसुद्धा नाहीत!

भाची : राष्ट्रीय उद्यानातली जमीन असेल तर दसपट. म्हणजे शंभराच्या आत. २०२२ मध्ये दर वाढले, तरी साध्या रानाचा चौरस फूट वडापावाच्या पुढे गेला नाही. आणि आपल्या नव्या इमारतीतला फूट बिल्डर पाच आकड्यांत विकतोय.

मामा : म्हणजे रान स्वस्त लावलं, हीच तुझी तक्रार. मग महाग लाव. मथुरेच्या त्या फार्मचं काय झालं गेल्या वर्षी? का त्याच्या आदल्या...

भाची : मार्च २०२५. ४५४ झाडं विनापरवाना तोडली, सुप्रीम कोर्टाने झाडामागे एक लाख दंड कायम केला.

मामा : हां. ते वाचून साइटवरच्या माणसाच्या मनात काय येतं सांगू? झाडाला लाख, दहा झाडांना दहा लाख, धर खर्चात. दर ठरला की सौदा होतो, बाई. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांना दंडाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती काम थांबण्याची.

भाचीने कप खाली ठेवला. हा मुद्दा तिच्या बाजूचा होता आणि तो मामांनी मांडला होता.

*

भाची : मग पैशांत बोलायलाच नको. उतारावर बोलू. १७-१८ जुलै २०२१ ची रात्र आठवते?

मामा : न आठवायला काय झालं? इथे भांडुपला वनखात्याची भिंत कोसळली, सोळा वर्षांचा पोरगा गेला. चेंबूरला आणि विक्रोळीला त्याच रात्री तिसाच्या आसपास माणसं. त्याआधी २००० च्या जुलैत घाटकोपर, आझाद नगर. साठहून अधिक.

भाची : आणि त्याच रात्री आपल्या भांडुप कॉम्प्लेक्समध्ये पाणी शिरलं, पंप बंद पडले. जिथे मुंबईचं पाणी शुद्ध होतं तिथेच पाणी शिरल्यामुळे शहराच्या नळांना पाणी नाही. उतार बोडका केला की डोंगर असं बिल पाठवतो.

मामा : थांब, आता तू लमसम बोलतेस. कॉम्प्लेक्सच्या मागे काय आहे? विहार, तुळशी, अख्खं राष्ट्रीय उद्यान. तिथलं रान शाबूत आहे. तरी पाणी आलंच ना? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, विहारला १,०४५. एवढ्या पावसापुढे तुझी कारवी काय करणार?

भाची थोडा वेळ बोलली नाही.

भाची : बरोबर. रान पाणी थांबवत नाही. उशिरा सोडतं, इतकंच. पाचोळा, मुळं, वरची वीतभर काळी माती पाणी धरते आणि हळूहळू खाली देते. म्हणूनच तर इंग्रजांनी १८६० ला विहारचं पाणी शहरात नेलं, १८७९ ला तुळशीचं, आणि तलावांच्या भोवतालचं रान राखलं. त्यांना वाघ-बिबट्यांचा कळवळा नव्हता, पाण्याची गरज होती. ती माती खरवडली की खाली मुरूम, त्याखाली कातळ. पडेल ते पाणी त्याच क्षणी खाली. हजार मिलिमीटरला रान हरेल. पण दर पावसाळ्यात पुष्कळदा त्याहून कितीतरी कमी पडतो, तेव्हा ते जिंकतं आणि त्याची बातमी होत नाही.

आता गप्प बसायची पाळी मामांची होती. मग त्यांनी एस्टिमेटची पानं उलटली.

मामा : भिंत मातीने पडत नाही, पाण्याने पडते. हे मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगायचो. रिटेनिंग वॉलला वीप होल ठेवतात ना, बारीक पाइप, मागचं पाणी निघून जायला. लोक ते बुजवतात. ओल येते, डास होतात, भिंत घाण दिसते. कुणी प्लास्टर मारतो, कुणी चिंध्या कोंबतो. मागे पाणी साचतं, भिंत पोट काढते, आणि एका रात्री... आपल्या मागच्या भिंतीने अजून पोट काढलेलं नाही.

भाची : का?

मामा : १९८३ ला मीच होतो या साइटवर. वरचा सगळा कोपरा साफ केला, तेवढी ती सावर ठेवली. दया वगैरे काही नाही. प्लिंथच्या रेषेबाहेर होती, आणि काटे एवढे की मजूर हात लावेनात. मांडीएवढी जाड होती तेव्हा. तिने भिंतीला एक तडा दिलाय खरा. पण माती तिने धरलीय, हे मला दिसतंय. आता हे बघ, आयटम चौदा : रिटेनिंग वॉल, आरसीसी, रनिंग मीटरने. सगळ्या एस्टिमेटमध्ये मागच्या बाजूचा सर्वांत जड आकडा.

त्यांनी पेन्सिलीने पहिल्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत एक बाण काढला.

मामा : जंगल कटिंगचे पैसे वाचतात ते इथे निघतात. चाळीस वर्षं दोन्ही ओळी मी लिहिल्या, पण कधी जोडल्या नाहीत.

भाची : आणि ही भिंत आपली आपण बांधू शकतो. वरच्या चाळीतल्यांनी उतार कापला तर आयटम चौदा कुणी लिहायचा? आणि आपण बांधलेल्या भिंतीवरून वळलेलं पाणी कुणाच्या घरात जायचं?

मामा : खालच्या नाल्यात. आणि नाल्याकाठच्यांच्या घरात. ते आपल्या सोसायटीचे सभासद नाहीत.

*

मी विचारलं, की बदल्यात झाडं लावायची तरतूद आहे ना?

भाची : आहे की. झाडांच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे सावरीच्या बदल्यात साठ.

मामा : कुठे लावणार? आपल्या प्लॉटवर खाली दोन मजले पार्किंग, वर पोडियम. पोडियमच्या मातीत चाफा येईल, फार तर पाम. साठ रोपं जातील दुसऱ्या कुठल्या तरी वॉर्डात. आणि त्यातलं एकही या भिंतीमागची माती धरणार नाही.

भाची : हे मी म्हणायला हवं होतं, मामा.

मामा : मी म्हटलं म्हणून खोटं होत नाही. पण तूही एक ऐक. या बत्तीस घरांत सहा म्हातारी माणसं चौथ्या मजल्यावर आहेत. तुझी आई शेवटची दोन वर्षं खाली उतरली नाही. दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून चौघांनी उचलली. लिफ्ट हवी असेल तर इमारत पाडावी लागते, इमारत पाडायची तर बिल्डर लागतो, बिल्डरला विकायला फ्लॅट लागतात. माझी सही आहे त्या अर्जावर. झाड क्रमांक ९ खालीसुद्धा. मी ती मागे घेणार नाही.

भाची : मी मागे घ्या म्हणत नाही. हरकत मी नोंदवणार. पण हरकत म्हणजे ‘इमारत नको’ असं नाही. एवढंच विचारायचंय, की सावर आडवी कशाला येतेय?

मामांनी नकाशा उलगडला. इतका वेळ तो खुर्चीमागे गुंडाळून ठेवला होता. कोपऱ्यात एक लहान वर्तुळ, त्यावर फुली, आणि फुलीवरून गेलेल्या दोन समांतर रेषा.

मामा : रॅम्प. पार्किंगला उतरायचा. इमारत नाही, लिफ्ट नाही, कुणाची खोलीही नाही.

भाची : सरकवता येईल?

मामा : येईल. अडीच मीटर आत घ्यायचा. वळण जरा आवळेल, पण नियमात बसेल. आर्किटेक्ट कुरकुर करेल, करू दे.

भाची : मग खर्च काय?

मामांनी पेन्सिलीच्या टोकाने नकाशावरचे चौकोन मोजले, पुन्हा मोजले.

मामा : दोन पार्किंग जातील.

त्यांनी पहिल्या पानावर लमसमच्या बाजूला तेवढंच लिहिलं : ‘सावर – दोन गाड्या.’ मग म्हणाले, ‘एक माझी जाऊ दे. मला गाडी नाही, पोराची पुण्याला असते. दुसरी कुणाची?’

खोलीत आम्ही तिघं होतो. मी माझ्या वहीत बघत होतो. भाचीच्या हातात गाडीची किल्ली होती. कॉलेजातून आल्यापासून ती बोटाभोवती फिरवत होती, ती आता थांबली.

‘सात दिवस आहेत ना?’ ती म्हणाली.

‘आजचा धरून,’ मामा म्हणाले.